हँडल कोणी फिरवायचं?

पुण्याहून येताना मी मामांसाठी एक रेडिओ आणला. मामांनी तो खोक्यातून काढला, तळहातावर तोलून पाहिला, उलटा केला आणि विचारलं, “सेल कुठं घालायचे?”

“सेल लागत नाहीत, मामा.”

“मग?”

मी बाजूची घडीची दांडी उघडली आणि फिरवायला लागलो. घर्रर्र घर्रर्र सुरू झालं तशा मामी चुलीपासून उठून बाहेर आल्या. त्यांना वाटलं, शेवयाचं मशीन आणलंय.

सप्टेंबर २०२५ चा शेवटचा आठवडा. गाव पाटोदा तालुक्यातलं, बालाघाटाच्या डोंगरातलं. आमच्या दुष्काळी बीड जिल्ह्यात त्या महिन्यात पावसानं धिंगाणा घातला होता. आष्टी तालुक्यात तर पुरात अडकलेली माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. मामांच्या गावात कुणी अडकलं नव्हतं, पण डीपीत पाणी जाऊन लाईट गेली त्याला तिसरा दिवस होता. कापसाची बोंडं झाडावरच काळी पडत होती. समोरच्या डोंगरावर पवनचक्क्यांचे लाल दिवे लुकलुकत होते, आणि खाली ओसरीवर आम्ही तिघं चिमणीच्या उजेडात.

रेडिओ म्हणजे विटेएवढा नारंगी डबा. वर सोलरची पट्टी, पुढं बॅटरी (आमच्याकडं टॉर्चलाच बॅटरी म्हणतात), मागं मोबाइलची पिन खुपसायला जागा, आणि एक लाल बटण. ते दाबलं की सायरन वाजतो. तो मी वाजवून दाखवला. गल्लीतली कुत्री उठली, बाकी कुणी नाही.

“किती दिलंस?”

“अठराशे.”

“अठराशेत माझ्या जन्माचे सेल आले आसते.”

मामा वायरमन होते. एकतीस वर्षं खांबावर गेली. त्यांच्याशी विजेवर बोलायचं तर हिशेब चोख लागतो, आणि मी तयारी करून आलो होतो. म्हटलं, ज्या दिवशी गरज पडते त्याच दिवशी दुकानातले सेल संपलेले असतात. घरातले पाझरून हिरवे झालेले असतात. हात मात्र कायम जवळ असतो.

“हात किती वॅट दील?”

“दोन, फार तर तीन. एवढ्याशा डायनॅमोतून तेवढंच निघतं.”

“आन् रेडिओला?”

“एक पंचमांश वॅट. एक मिनिट फिरवलं की दहाएक मिनिटं बातम्या.”

मामांनी मान डोलावली. इथवर त्यांना पटलं होतं. मग खोक्यावरचं मोबाइलचं चित्र माझ्याकडं वळवून म्हणाले, “आन् ह्ये?”

इथं मी अडकलो. पाच हजार एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-तास. अडीच वॅटनं ती भरायची. भागाकार मामांनी माझ्या आधी केला. “साडेसात तास! गळती धरली तर दहा. साडेसात तास दांडी फिरवून तू कुणाला फोन करनार? दवाखान्यालाच करावा लागंल.”

मी म्हटलं, अख्खा फोन भरायचाच नाही. पाव तास फिरवून एक फोन लागला तरी पुष्कळ. मामा म्हणाले, टॉवर चालू असंल तर. टॉवरला पण बॅटरीच असते, ती काही तासांची, मग जनरेटर, मग डिझेल, आणि डिझेल आणायला रस्ता. रस्ता पाण्यात. हे त्यांनी बोटं मोडत सांगितलं आणि शेवटचं बोट मोडून हात झटकला.

खरं तर इथं त्यांनी माझंच काम केलं होतं. टॉवर बंद, नेट बंद, टीव्ही बंद, तेव्हा उरतं काय? स्पेन आणि पोर्तुगालमध्ये २८ एप्रिल २०२५ ला जवळजवळ अख्ख्या देशांची लाईट गेली. मेट्रो बोगद्यात उभ्या राहिल्या, कार्डानं पैसे देता येईनात. माणसं दुकानांतून ट्रान्झिस्टर शोधत फिरली आणि ज्याच्याकडं चालू रेडिओ होता त्याच्याभोवती फूटपाथवर कोंडाळं करून उभी राहिली. आपल्याकडंही सरकारनं २०२३ मध्ये मोबाइल बनवणाऱ्यांना सांगितलं, की फोनमधला एफएम बंद करू नका, आपत्तीत तो लागतो. निसर्ग वादळात, जून २०२० मध्ये, श्रीवर्धनकडं कितीतरी दिवस लाईट नव्हती. मी हे सगळं ओळीनं सांगितलं.

“व्हय, पर त्या स्पेनात रेडिओवर बोलाया मानूस व्हता,” मामा म्हणाले. “हितं रात्री दोनला पानी आलं तर कोन बोलनार? अकरानंतर केंद्र झोपतं.”

एरियल ओढून मी १०२.९ लावलं. बीड केंद्र. खरखर, मग गाणं, रेडिओ जरा तिरपा धरला की पुन्हा खरखर. एफएम डोंगर ओलांडत नाही, खिंडीतल्या गावाला ते कधी लागतं, कधी नाही. मामांनी रेडिओ माझ्या हातातून घेतला आणि मीडियम वेव्हचं बटण दाबलं. त्यांच्या डोक्यात परभणी म्हणजे १३०५, पाठ झालेला आकडा. जुन्या रेडिओवर त्यांनी त्या जागी नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. इथं आकडे पळत होते: १२८०, १२९०, १३००, १३१०.

“माझं परभणी खाल्लं कुनी?”

मलाही कळेना. नंतर लक्षात आलं. आपल्याकडं मीडियम वेव्हवरची केंद्रं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरानं बसवलेली आहेत. पुणे ७९२, परभणी १३०५, नवाच्या पाढ्यातले आकडे. अमेरिकेत ते अंतर दहाचं. हा डबा दहाच्या पाढ्याचा होता. काही रेडिओंत अंतर बदलायची सोय असते, ह्यात नव्हती. १३०० वर ठेवलं तर कुणीतरी नाकातून बोलल्यासारखा आवाज येत होता. शेजारी ‘डब्ल्यूबी’ नावाचं बटण होतं, ते हवामानाचं. अमेरिकेचं हवामान खातं त्या पट्ट्यावर चोवीस तास इशारे देत असतं. बीड जिल्ह्यात ते दाबलं की शांतता.

मामांनी ते बटण तीनदा दाबलं. मग म्हणाले, “अठराशेतले सहाशे तर हितंच गेले.”

हँडलचा रेडिओ घ्यायचाच असेल तर त्यावर काटा फिरवायची चकती असलेला घ्यावा, हे मी त्या रात्री शिकलो. चकतीला नवाचा पाढा आणि दहाचा पाढा सारखाच.

मी माघार घेतली नाही. ट्रेव्हर बेलिस नावाच्या ब्रिटिश माणसाची गोष्ट सांगितली. १९९१ मध्ये त्यानं टीव्हीवर आफ्रिकेतल्या एड्सबद्दल एक कार्यक्रम पाहिला. रोगाची माहिती रेडिओवरून गावोगाव जाऊ शकते, पण गावात वीज नाही आणि सेल परवडत नाहीत. तो उठला आणि घरातलं सामान जुळवून चावीचा रेडिओ बनवायला बसला. पुढं दक्षिण आफ्रिकेत, केप टाउनला, त्याचा कारखाना निघाला. त्या पहिल्या रेडिओत बॅटरी नव्हतीच. घड्याळाला देतात तशी चावी द्यायची, आतली स्प्रिंग आवळायची, आणि ती हळूहळू सुटताना डायनॅमो फिरवायची.

मामा पहिल्यांदा पुढं सरकून बसले. “स्प्रिंग? मग ह्याच्यात बी स्प्रिंग हाय का?”

“नाही. ह्यात आता छोटी बॅटरी असते, चार्ज होणारी. दांडी फिरवली की ती भरते.”

“म्हंजी ह्याच्यात बी सेलच हाय. फक्त तुला दिसत न्हाई.”

मी गप्प बसलो. सेल लागत नाहीत असं मी सुरुवातीला छाती ठोकून सांगितलं होतं. आतली बॅटरी कपाटात पडून पडून मरते. दोन-तीन महिन्यांनी एकदा फिरवून भरली नाही तर तीन-चार वर्षांत दांडी फिरेल, दिवा लागेल, आणि हात थांबला की आवाजही थांबेल. स्प्रिंग तशी म्हातारी होत नाही. पण स्प्रिंग जड, महाग आणि जागा खाणारी, म्हणून ती गेली.

“दोन पेन्सिल सेलचा बारका रेडिओ घे,” मामा म्हणाले. “तीस-चाळीस तास चालतो. सेल रेडिओत ठिवायचे न्हाईत, बाजूला कागदात गुंडाळून ठिवायचे, म्हंजी पाझरले तरी रेडिओ वाचतो. मला रेडिओ पायजे. तुजी दांडी नको.”

आणि मग त्यांनी सांगितलं ते मला आधी कधीच सांगितलं नव्हतं. खांबावर चढायचे तेव्हा खालचा हेल्पर खिशातल्या ट्रान्झिस्टरवर परभणी लावून उभा असायचा. गाण्यासाठी नाही. आभाळ लांब कुठंतरी भरून आलं, वीज चमकलेली दिसलीसुद्धा नाही, तरी मीडियम वेव्हवर कडकड-खरखर सुरू व्हायची. ती दाट व्हायला लागली की हेल्पर ओरडायचा, आणि मामा उतरायचे. प्रत्येक विजेच्या लोळाबरोबर रेडिओ लहरीही फुटतात, मीडियम वेव्ह त्या पकडते, एफएम गाळून टाकतं. मराठवाड्यात दर पावसाळ्यात शेतातली माणसं वीज पडून मरतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं त्यासाठी ‘दामिनी’ नावाचं ॲप केलं आहे, ते चांगलं आहे, पण त्याला नेट लागतं. मामांच्या दामिनीला दोन सेल लागायचे.

“वीज गेल्यावर रेडिओ काय करतो ते तू सांगायलास,” मामा म्हणाले. “वीज यायच्या आधी काय करतो ते मी सांगायलो.”

(एक जोड माझी: वादळात एरियल वर काढून माळावर उभं राहू नये. मीडियम वेव्हचा एरियल आतच, फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेला असतो. बाहेरच्या काडीची त्याला गरजच नाही.)

मामी इतका वेळ भाकरी थापत ऐकत होत्या. किल्लारीचा विषय त्यांनीच काढला. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बुडवून माणसं झोपलेली, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. मामा तेव्हा अंबाजोगाईला होते. खाट हलली, भांडी पडली, लाईट गेली. लातूर-उस्मानाबादकडं काय झालं ते सकाळी कळलं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली.

“किल्लारीत बी घरोघर रेडिओ व्हते,” मामा म्हणाले. “समदे ढिगाऱ्याखाली. रेडिओनं झाल्यावर सांगितलं.”

“झाल्यावरच तर पायजे व्हता,” मामी म्हणाल्या. “तुमी कामावर जायचे. आमी बायका-पोरं महिनाभर अंगनात झोपलो. रोज एक जन यायचा, आज रातच्याला परत हुनार म्हणून सांगायचा. कुनी म्हनायचं दोनला, कुनी म्हनायचं चारला. लेकरं मांडीवर घिऊन जागं ऱ्हायाचं. सकाळी सात-पाचला पुण्याच्या बातम्या लागायच्या तवा समदी गल्ली शेजारच्या ओट्यावर यायची. भूकंपाची तारीख कुनालाच सांगता येत न्हाई, एवढं एक वाक्य ऐकलं की मग झोप लागायची. दिवसा.”

मी मामांकडं पाहिलं. ते चिमणीची वात खालीवर करत होते. रेडिओचं हे अफवा शमवायचं काम आज मोबाइल उलटं करतो. पुराच्या त्या आठवड्यात माजलगाव धरण फुटलं, बिंदुसरेचं धरण फुटलं, असं काय काय गावभर फिरत होतं. चार्जिंग संपल्यावर फोन बंद पडले, पण अफवा बंद पडल्या नाहीत. त्यांना बॅटरी लागत नाही.

मला वाटलं, मामी माझ्या बाजूला आल्या. तेवढ्यात त्यांनी रेडिओ उचलला, दांडी चार वेळा फिरवली आणि परत ठेवला.

“पर ही दांडी कुनी फिरवायची?”

मामींचं माहेर शिरूर कासारकडं. लग्नाआधी आईबापाबरोबर पाच पट्टे पडेपर्यंत, म्हणजे पाच हंगाम, त्या साखर कारखान्यावर राहिल्या आहेत. आमच्या जिल्ह्यातून दिवाळीच्या पुढंमागं निम्मी निम्मी गावं उठतात आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. राहायला कोपी: बांबू, चटया, वर पाचट. कंदिलाशिवाय उजेड नाही. पुण्यातली पोरं पाठीवर सॅक टाकून गडावर तंबूत राहायला जातात आणि त्यांच्यासाठी ‘आउटडोअर’ म्हणून हे रेडिओ विकले जातात. आमच्याकडं लाखो माणसं सहा-सहा महिने आउटडोअर असतात, त्यांना तो शब्द कुणी लावत नाही.

“आमच्या टोळीत भावाचा संतोष कंपनीचा रेडिओ व्हता,” मामी म्हणाल्या. “मेढीला टांगायचा. सेल उतरले की काढून दगडावर उनात ठिवायचे, दातानं चावायचे. माझ्या भावाचे दात सेलावर उमटायचे. त्येवढ्यावर अजून दोन दिस चालायचा. पहाटं तीनला उठायचं, दिवसभर वाकून तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. रातच्याला भाकरीचा तुकडा मोडायला हात वर येत न्हाई. बोटं अशी ऱ्हातात.” त्यांनी मूठ अर्धी मिटून दाखवली, कोयत्याच्या मुठीएवढी जागा आत ठेवून. “त्या हातानं तू म्हनतोस, दांडी फिरव.”

ह्याला माझ्याकडं वॅट-तासांत उत्तर नव्हतं. हात कायम जवळ असतो, हे माझं वाक्य होतं. हात कुणाचा आणि दिवसाच्या कुठल्या वेळी, हे मी धरलंच नव्हतं. ज्याचा हात दिवसभर कीबोर्डवर असतो त्याला रात्री दांडी फिरवायला गंमत वाटते.

“आमाला काय पायजे आसतं सांगू? उजेड. कोपीत साप निघतो. बिबट्या येतो. बाई बाळंत होती. ह्या डब्याची बॅटरी दाव बरं.”

मी बटण दाबलं. पांढरा झोत आड्यापर्यंत गेला, पाल पळाली.

“ह्ये चांगलं हाय,” मामी म्हणाल्या. “गानं राहू दे.”

म्हणजे मामांना रेडिओ हवा, दांडी नको. मामींना बॅटरी हवी, रेडिओ नको. मला एकट्याला तिन्ही हवं होतं, आणि पैसेही मीच दिले होते. तरी एक मुद्दा मी सोडला नाही, अजूनही सोडलेला नाही. मोबाइलला दोन रिचार्ज लागतात, एक भिंतीतून आणि एक खिशातून. रेडिओ ऐकायला कुणाला नंबर द्यावा लागत नाही, ओटीपी येत नाही, पॅक संपत नाही. एके काळी त्यालाही पोस्टातून लायसन्स काढावं लागायचं, मामांच्या ट्रंकेत ते पुस्तक अजून आहे. ते गेलं आणि रेडिओ खरा मोकळा झाला. मोकळा झाला तोवर आपण त्याला माळ्यावर टाकलं.

“बोलाया मानूस ठिवा म्हणावं रात्रीचा,” मामा म्हणाले. “मग मी बी दांडी फिरवीन.”

मग ते परळीवर घसरले. वायरमन माणूस परळीवर घसरतोच. थर्मल परळीला, कोळसा जळतो परळीला, राख उडते परळीला, आणि लोडशेडिंगच्या काळात बारा-बारा तास अंधार पाटोद्याला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. २०१३ च्या फेब्रुवारीत धरणात पाणी नाही म्हणून अख्खं वीजकेंद्र बंद करावं लागलं, २०१५ मध्ये पुन्हा तेच. “आन् आता पानी जास्ती झालं म्हणून डीपी गेला. पानी नसलं तरी अंधार, आसलं तरी अंधार. मोटार चालवायला लाईट रात्रीची येती, मानसानं इंचूकाट्यात बारे द्यायचे.”

त्या बोलण्यात तासभर गेला. मधेच नायगावकडून मोर ओरडले, म्हणजे लांब कुठंतरी गडगडलं असणार. मामांनी न बोलता नारंगी डबा उचलला, दांडी वीस-पंचवीस वेळा फिरवली, मीडियम वेव्ह लावली आणि कानाशी धरली. परभणी नव्हतं, पण कडकड होती. थोड्या वेळानं म्हणाले, “लांब हाय. झोपा.”

सकाळी मी निघालो तेव्हा रेडिओ ओसरीवर उघडा पडला होता. मामांनी चारही स्क्रू काढून झाकण बाजूला ठेवलं होतं आणि अंगठ्याएवढी बॅटरी दोन बोटांत धरून बघत होते. “जुन्या मोबाइलची टाकतो ह्याच्यात,” म्हणाले. “तिप्पट चालंल.”

दिवाळी झाली. मामींच्या भावाचा मुलगा, सून आणि त्यांची आठ वर्षांची पोरगी टोळीबरोबर बेळगावकडं गेली. जाताना मामींनी तो डबा त्यांच्या गाठोड्यात घातला. मामांनी स्वतःसाठी तालुक्याहून पेन्सिल सेलचा रेडिओ आणला, चकतीचा, आणि सेल कागदात गुंडाळून देवळीत ठेवले.

जानेवारीत फोन केला तेव्हा मी विचारलं, कोपीत दांडी कोण फिरवतं?

“पोरगी फिरवती,” मामी म्हणाल्या. “लई येळ फिरवती म्हनं. तिला तेच खेळनं झालंय. बॅटरी लावून बसती.”

“आणि रेडिओ?”

“लागतो की. कानडी लागतंय. कुनाला काय कळत न्हाई. तरी चालूच ठिवत्यात.”